निर्दोष रक्त आणि आपले दायित्व





एखाद्या घरात नुकतेच जन्मलेले बाळ चौथ्या-पाचव्या दिवशी दगावते, किंवा जगते पण वर्ष उलटले तरी मान धरत नाही, तेव्हा त्या घरात तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. कोणी म्हणते, अल्लाहची मर्जी. कोणी आवाज खाली आणून म्हणते, सुनेच्या अंगातच दोष आहे. आणि कोणी संतापाने म्हणते, दवाखान्यानेच मारले. ही तीन वाक्ये परस्परांहून भिन्न दिसतात. पण तिन्हींचे काम एकच आहे. ती विचार थांबवतात. पहिल्या वाक्याने प्रश्न आकाशाकडे जातो, दुसऱ्याने बाळंतिणीच्या अंगावर जातो, तिसऱ्याने डॉक्टरांच्या दारात जातो. बोलणाऱ्याकडे तो येतच नाही.

म्हणून या लेखात एका नैतिक प्रश्नाचा विचार आपण मिळून करू या : ज्या हानीमागे कोणाचेही पाप नाही, त्या हानीची जबाबदारी कोणावर असते का? की दोषी सापडला नाही म्हणजे सारेच मुक्त झाले?

हा प्रश्न आपल्या नांदेड-लातूरच्या वाचकांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या अवघ्या २४ तासांत नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. ४८ तासांत हा आकडा ३१ वर गेला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधे अपुरी होती की नव्हती, मनुष्यबळ किती होते, खासगी दवाखान्यांनी शेवटच्या घटकेला किती रुग्ण पाठवले, यावर पुष्कळ वाद झाला. एका खासदारांनी तर रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना शौचालय स्वच्छ करायला लावले आणि ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. लोकांचा राग खरा होता. पण त्या दृश्याने एका परिचारिकेची भर पडली नाही की एक खाट वाढली नाही. दोषी शोधणे आणि दायित्व उचलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी जितके उघड दिसले तितके क्वचितच दिसते.

रक्तपेशींचे तुटणे

नवजाताच्या मृत्यूची कारणे अनेक आहेत. येथे मी त्यांपैकी एकच घेतो, कारण आपला प्रश्न त्यात लख्ख दिसतो : तांबड्या रक्तपेशींचे वेळेआधी तुटणे.

प्रौढ माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. पूर्ण दिवसांच्या नवजाताची पेशी ६० ते ९० दिवस, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्याहूनही कमी. पेशी मोडली की तिच्यातील रक्तद्रव्यापासून बिलिरुबिन हा पिवळा पदार्थ तयार होतो. आईच्या उदरात असताना तो वारेवाटे आईकडे जातो आणि आईचे यकृत तो निकालात काढते. नाळ कापली की हे काम बाळाच्या कोवळ्या यकृतावर येते. म्हणूनच पुष्कळ बाळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी पिवळी दिसतात आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप उजळतात. ही सृष्टिकर्त्याने घातलेली सौम्य सुरुवात आहे. तिला भिण्याचे कारण नाही.

पण काही बाळांच्या पेशी झपाट्याने तुटू लागतात. मग दोन संकटे एकदम येतात. एकीकडे रक्त कमी होते, दुसरीकडे बिलिरुबिन इतके साठते की ते मेंदूत शिरते. तेथे ते एकदा मुरले की बाळ सुस्त होते, दूध ओढत नाही, किंचाळल्यासारखे रडते, पाठीची कमान करते. या टप्प्यानंतर जे मूल वाचते, त्याच्या वाट्याला पुष्कळदा बहिरेपणा येतो आणि हातापायांवर ताबा नसलेले आयुष्य येते. आपल्या गल्लीत असे एखादे मूल असते. त्याला आपण 'जन्मतःच तसा' म्हणतो. वास्तविक त्यांतली काही मुले जन्मतः तशी नव्हती. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात तशी झाली.

लोक ज्याला 'बाळ काचेत ठेवले' म्हणतात, त्या अतिदक्षता विभागात हेच रोखण्याचा प्रयत्न चालतो. बाळाला निळ्या प्रकाशाखाली निजवतात. तो प्रकाश त्वचेतील बिलिरुबिनाचे रूप असे बदलतो की ते शरीराबाहेर पडू शकते. १९५० च्या दशकात इंग्लंडमधील एका रुग्णालयात सिस्टर वॉर्ड या परिचारिका कावीळ झालेल्या बाळांना बागेत उन्हात नेत. उघड्या राहिलेल्या अंगाचा पिवळेपणा कमी झाला आहे, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्या निरीक्षणातून हा उपचार जन्मला. त्याने भागले नाही तर बाळाचे रक्त थोडे थोडे काढून दात्याचे रक्त भरत जातात. एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सारे मिळून शंभर मिलीलिटरहूनही कमी रक्त असते, चहाच्या एका लहान पेल्याइतके. तेथे तपासणीसाठी घेतलेला एकेक थेंब मोजावा लागतो. टाचेला टोचून रक्त घेताना जोराने पिळले तर पेशी तेथेच फुटतात आणि पोटॅशियमचा अहवाल खोटा वाढीव येतो. परिचारिकेच्या बोटांचा दाबसुद्धा तेथे अमानत असतो.

येथे पाप कोणाचे?

आता पेशी तुटण्याची कारणे पाहा. आईचा रक्तगट आर.एच. निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणाच्या वेळी बाळाच्या रक्ताचे काही थेंब आईच्या रक्तात मिसळतात. आईचे शरीर त्यांना परके समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पहिले मूल बहुधा सुखरूप सुटते. दुसऱ्या खेपेस तीच प्रतिपिंडे वारेतून पलीकडे जातात आणि बाळाच्या पेशी मोडू लागतात. आपल्या देशात शंभरांत साधारण पाच जणांचा रक्तगट निगेटिव्ह असतो. आई 'ओ' गटाची आणि बाळ 'ए' किंवा 'बी' असेल तर असाच प्रकार पहिल्या बाळातही घडू शकतो, मात्र तो बहुधा सौम्य असतो. तिसरे कारण जी-सिक्स-पीडी नावाच्या पाचकद्रव्याची कमतरता. हे द्रव्य पेशीचे कवच राखते. ते कमी असलेले मूल एरवी धडधाकट असते. पण काही औषधांचा किंवा पदार्थांचा स्पर्श होताच त्याच्या पेशी भराभर फुटतात. हा गुण आईकडून बहुधा मुलग्याकडे जातो.

वाचकहो, या साखळीत गुन्हेगार कोठे आहे? आईच्या शरीरातील जी यंत्रणा तिला रोगांपासून वाचवते, तीच येथे बाळाला बाधते. ती आईने निवडली नाही. तिला ती ठाऊकही नाही. आणि बाळाला जो पॉझिटिव्ह गट मिळाला, तो बापाकडून मिळाला. दोन निष्पाप रक्ते एकत्र आली, तेव्हाच हा संघर्ष उभा राहिला. तरीही लागोपाठ बाळे गेली की एकटी सून माहेरी धाडली जाते आणि दुसऱ्या निकाहची बोलणी सुरू होतात. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये (४९:१२) पुष्कळशा अनुमानांपासून दूर राहण्याची आज्ञा आहे, कारण काही अनुमाने पाप असतात. ज्या स्त्रीने नऊ महिने वाहिलेले मूल गमावले, तिच्या कुशीवर ठेवलेला ठपका हे असेच अनुमान आहे. या सगळ्या प्रकरणात पाप असेलच तर ते येथे आहे.

तकदीर आणि तदबीर

दोष नाही हे मान्य झाले की पहिले वाक्य पुन्हा पुढे येते : मग ही तकदीरच नव्हे काय? होय, तकदीरच आहे. तकदीरवर ईमान हा आपल्या श्रद्धेचा भाग आहे. परंतु तिचा उपयोग कोठे करायचा, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आचरणातून शिकावे.

प्रेषितांचे (स.) पुत्र इब्राहीम दीड वर्षांच्या आसपासचे असताना वारले. प्रेषितांचे (स.) डोळे पाणावले, हृदय दुःखी आहे, पण जिभेवर पालनकर्त्याला नापसंत शब्द येणार नाही, अशा आशयाचे ते बोलले. त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक म्हणू लागले की इब्राहीमच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. शोकात बुडालेल्या पित्याला असे शब्द गोड वाटले असते. पण प्रेषितांनी (स.) तेथेच स्पष्ट केले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरण्याने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. स्वतःच्या लेकराचे दुःख ताजे असतानाही त्यांनी खोटे कारण स्वीकारले नाही. बाळाची कावीळ नजर लागल्याने आली, ग्रहणात भाजी चिरल्याने आली, असे सांगणाऱ्यांनी हा प्रसंग मनात ठेवावा.

दुसरा प्रसंग हजरत उमर (रजि.) यांचा. सीरियाच्या वाटेवर प्लेगची खबर आली तेव्हा ते माघारी वळले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? त्यावर त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. रोग तकदीर असेल तर इंजेक्शनही तकदीर आहे, निळा प्रकाशही आणि रक्ताची पिशवीही. बाळाच्या नशिबात काय लिहिले आहे हे आपल्याला ठाऊक नाही. आपल्याला काय करण्याची आज्ञा आहे, हे मात्र ठाऊक आहे. तकदीर हा घटनेनंतरचा दिलासा आहे. घटनेपूर्वीची सबब म्हणून ती वापरणे म्हणजे ईमानच्या नावाखाली आळस झाकणे होय.

शरीअतचा एक विसरलेला धडा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाप नाही, तरी दायित्व असू शकते काय? इस्लामी न्यायशास्त्राचे उत्तर 'होय' असे आहे.

चुकून घडलेल्या मनुष्यवधाचे उदाहरण घ्या. सूरह निसा (४:९२) नुसार हेतू नसतानाही दियत, म्हणजे मृताच्या वारसांना भरपाई, द्यावी लागते. ही दियत एकट्या माणसावर पडत नाही. फिकहनुसार त्याची 'आकिला', म्हणजे त्याचे भाऊबंद व गोत्रज, ती वाटून घेतात. त्या भाऊबंदांनी काय केले होते? काहीच नाही. तरीही रक्ताची भरपाई त्यांच्यावर आली.

याहून बोलका नियम 'कसामत'चा आहे. एखाद्या मोहल्ल्यात मारला गेलेला माणूस सापडला आणि मारेकरी कळला नाही, तर हनफी फिकहनुसार त्या मोहल्ल्यातील ५० माणसे शपथ घेतात की आम्ही मारले नाही आणि मारणारा आम्हाला ठाऊक नाही. शपथ खरी मानली जाते. पण शपथेनंतरही दियत त्या मोहल्ल्यावरच बसते. का? कारण आपल्या हद्दीची राखण करणे त्यांच्याकडे होते आणि मुसलमानांच्या वस्तीत कोणाचेही रक्त बेवारस वाहून जाऊ नये, अशी फुकहांची धारणा आहे.

मी येथे कायदेशीर फतवा देत नाही. आजाराने गेलेल्या बाळावर दियत नसते. मी त्या नियमामागचा विचार दाखवतो आहे. 'मी मारले नाही' हे खरे असले तरी ते पुरेसे नाही. 'माझ्या हद्दीत हे घडू नये म्हणून मी काय केले?' हा प्रश्न उरतोच. ज्याच्या पेशी तुटत आहेत ते बाळही आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच हद्दीत जन्मलेले असते.

कोणाच्या वाट्याला काय

प्रेषितांच्या (स.) शिकवणीनुसार प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल. म्हणून वाटणी स्पष्ट करून घेऊ.

पतीच्या वाट्याला पहिली गोष्ट : पत्नीचा आणि स्वतःचा रक्तगट गरोदरपणाच्या सुरुवातीलाच तपासून घेणे. आई निगेटिव्ह असेल आणि तिच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झालेली नसतील, तर सुमारे २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत 'अँटी-डी' नावाचे इंजेक्शन देतात. गर्भपात झाला तरी ते विचारून घ्यावे लागते. नेमके तेथेच लोक विसरतात आणि त्याची किंमत पुढचे बाळ चुकवते. हे इंजेक्शन १९६८ पासून वापरात आहे. निकाहच्या दावतीला लाखो रुपये खर्च करणाऱ्या घराला त्याची किंमत जड वाटावी, हे आपल्या प्राधान्यक्रमाचे चित्र आहे.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला दुसरी गोष्ट. बाळाचे कपडे, दुपटी आणि गोधड्या ज्या पेटीतून निघतात, तिच्यात डांबरगोळ्या असतात. त्यांतील नॅप्थलीन श्वासातून आणि कातडीतून अंगात जाते, आणि जी-सिक्स-पीडी कमी असलेल्या बाळाच्या पेशी फोडते. मेंदीचेही तसेच. मेंदी हलाल आहे, आपल्या सणांची शोभा आहे. पण अशा बाळाच्या हातापायांना लावलेली मेंदी त्याच्या जिवावर बेतू शकते. बाळाच्या रक्तात ही कमतरता आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तान्ह्या बाळाला मेंदी लावूच नये. हलाल वस्तूही हानी करत असेल तर तेथे थांबावे, कारण इजा करू नये आणि इजेला निमित्त होऊ नये, हे शरीअतचे मूलभूत सूत्र आहे.

पहिल्या २४ तासांत बाळ पिवळे दिसले, तर ती साधी कावीळ समजू नये; त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला, बाळ दूध ओढेना, सारखे झोपू लागले, तरीही तसेच. कोवळे ऊन चांगले, पण ते उपचाराची जागा घेत नाही. कावीळ उतरवणाऱ्याची माळ, नाकात सोडलेला रस किंवा पोटावर दिलेला डाग यांत गेलेला एकेक तास मेंदूच्या हिशेबात जमा होतो. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा झालेल्या हानीस जबाबदार आहे, असा हदीसचा आशय आहे, आणि डागण्याविषयी प्रेषितांनी (स.) नापसंती व्यक्त केली आहे. बाळ काचेत असेल तर सातव्या दिवशीच्या अकीकासाठी त्याला बाहेर काढण्याची घाई करू नये. अकीका चौदाव्या, एकविसाव्या किंवा त्यानंतरच्या सोयीच्या दिवशीही होतो.

साऱ्या समाजाच्या वाट्याला रक्त. रक्त खाणे-पिणे हराम आहे, मग ते अंगात भरणे कसे चालेल, असे अजूनही विचारले जाते. जीव वाचवण्याच्या निकडीत त्याची अनुमती आहे, यावर आजच्या प्रमुख फिकह संस्था सहमत आहेत. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८८ मध्ये रक्तासारख्या पुन्हा निर्माण होणाऱ्या घटकाचे दान वैध ठरवले. दाता मुस्लिम असो वा नसो, फरक पडत नाही. दुधाने नाते जुळते, रक्ताने जुळत नाही. पतीने पत्नीला रक्त दिले म्हणून निकाहला बाधा येत नाही. रक्ताची विक्री मात्र नाजायज आहे, आणि १९९८ पासून आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देण्यास बंदीही आहे. रमजानमध्ये अशक्तपणाची भीती असेल तर इफ्तारनंतर रक्त द्यावे. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन नावाच्या एका साध्या माणसाच्या रक्तात अँटी-डी बनवण्यास उपयोगी प्रतिपिंडे होती. त्याने २०१८ पर्यंत १,१७३ वेळा दान केले. त्या दानातून बनलेल्या औषधाने त्याच्या देशातील लाखो बाळांचे रक्षण झाले. सूरह माइदामध्ये (५:३२) एक जीव वाचवण्याला सर्व मानवजात वाचवण्याचे मोल दिले आहे. त्याचा अर्थ समजून घेण्यासाठी हे उदाहरण पुरे आहे.

आणि शासनाच्या वाट्याचे शासनाकडून मागून घेणे, हेही आपलेच काम. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतीण आणि आजारी नवजात यांना औषध, तपासणी, रक्त आणि वाहन विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. नांदेड असो वा लातूर, त्या विभागात खाटा किती, परिचारिका किती, हे विचारणारे शिष्टमंडळ मृत्यूंनंतर जाते. ते मृत्यूंपूर्वी जावे. ज्या समाजात हे काम करणारे पुरेसे लोक असतात, तेथे इतर मुक्त होतात. कोणीच नसेल तर सारे जबाबदार राहतात. फर्जे-किफायाचा अर्थ हाच आहे.

एक शंका उरते

कोणी म्हणेल, असे दायित्व मांडून तुम्ही आधीच पोळलेल्या आईबापांवर नवा भार टाकत आहात. ही शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर नीट ऐका. अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही (२:२८६). जे ठाऊक नव्हते, त्याचा जाब नाही. ज्या आईने आपले बाळ दफन केले, तिला 'इंजेक्शन घेतले होते का' असे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिच्यासाठी प्रेषितांची (स.) शुभवार्ता आहे की लहानपणी गेलेली मुले आपल्या आईबापांसाठी आड उभी राहतील. दोष मागे पाहतो आणि माणूस शोधतो; दायित्व पुढे पाहते आणि पुढचे बाळ शोधते. दोघांची गल्लत केली, तर आपण दुःखितांना छळतो आणि येणाऱ्या बाळांना वाऱ्यावर सोडतो.

ज्ञान हीच दायित्वाची अट आहे. हा लेख आपण येथवर वाचलात, म्हणजे ती अट आपल्यापुरती पुरी झाली. आपल्या घरात, शेजारात एखादी लेक-सून गरोदर असेल. तिचा रक्तगट आजच विचारा. पेटीतील डांबरगोळ्या आजच काढा. आपल्या मशिदीच्या कमिटीने वर्षातून एकदा रक्तपेढीला बोलवावे, हा विषय येत्या जुम्याला काढा.

अल्लाह आपल्या लेकरांच्या रक्ताचे रक्षण करो, ज्यांनी लेकरे गमावली त्यांना सब्र आणि उत्तम मोबदला देवो, आणि आपल्या वाट्याचे काम दुसऱ्याच्या दारात टाकण्यापासून आपणा सर्वांना वाचवो. आमीन.